चोवीस हसरी तोंडं आणि फिनेलरावांची बदली

वन्सं,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून असं लिहिलंय खरं, पण कंबर आठवडाभर संपावर आहे, तेव्हा बसल्या जागेवरूनच घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता, की नुसती बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे बघत बसता? माझं म्हणाल तर कंबर सोडून मी ठणठणीत. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही मला तिसऱ्या शब्दाला अडवता, आणि पत्राला मध्येच "अगं पण" म्हणता येत नाही. गावच्या शाळेत सातवीपर्यंत गिरवलेलं अक्षर आहे. लागेल तेवढं वाचा, बाकीचं मनाने भरा. तसंही तुम्ही बोलताना तेच करता.

तुमचं मागचं पत्र मिळालं. चार पानं, त्यातली साडेतीन जिन्याची. जिन्यातला वास, जिन्यातलं पाणी, सहा महिने बंद असलेली लिफ्ट, आणि तुमच्या इमारतीचा तो केअरटेकर, जो म्हणे दिसला की लोक एकमेकांना हाका मारून दाखवतात. त्यावर मी काय उत्तर धाडलं होतं आठवतंय ना? "वन्सं, आपण दोघी पालिकेच्याच खोल्यांत, दोघी चौथ्या मजल्यावर, दोघी एकट्या, पण आमच्या जिन्यात बसून जेवावं असा जिना आहे." त्या एका वाक्याची शिक्षा मी सध्या भोगतेय. ऐका.

आमचा जिना तसा आहे तो फिनेलरावांमुळे. खरं नाव त्याच्या बायकोला माहीत असेल, आम्ही सगळे फिनेलराव म्हणतो, कारण माणूस दिसायच्या आधी वास येतो. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या, आणि तरी मला मावशी म्हणतो. (मी एकदा म्हटलं, अरे मी तुझ्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठी. तर म्हणाला, बरं मावशी.) कामाला वाघ आहे, पण डोकं उलटं. सगळं जग जिना वरून खाली पुसत येतं. हा खालून वर पुसत जातो. म्हणजे पुसलेल्या ओल्या पायरीवर स्वतःच पाय देऊन वर चढतो, आणि मग सबंध जिनाभर त्याच्या चपलेचे ठसे. पूर्वी असा नव्हता, गेली तीन वर्षं हे खूळ घेतलंय. मी किती वेळा चिडवलं, फिनेलराव, तुम्ही लहानपणी घसरगुंडीही खालूनच चढत होतात का? हसतो नुसता. साडेआठला माझ्या दाराशी पोचतो, पोछ्याच्या दांड्याने दारावर दोनदा ठोकतो, मी आतून पळीने ओट्यावर दोनदा ठोकते, आणि तो निघून जातो. (तुमचे भाऊ गेल्यापासून माझं दिवसातलं पहिलं बोलणं हेच. कधी कधी शेवटचंही. असो, रडकं लिहायला बसले नाहीये.)

तर दोन महिन्यांपूर्वी पालिकेचा कागद आला. दारोदार एकेक. वर मोठ्या अक्षरांत, "देखभाल व स्वच्छता सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?" खाली आठ प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नापुढे पाच तोंडं. पहिलं खदाखदा हसणारं, शेवटचं रडणारं. मधलं तोंड तर हुबेहूब तुमच्या भावाचं, मी भाजीत मीठ विसरले की व्हायचं तसं. आता हा कागद सरळ भरून दिला असता तर काही बिघडलं नसतं. पण तिसऱ्या मजल्यावर आमचे कायदेमास्तर राहतात (कोर्टात चाळीस वर्षं शिक्के मारले, तेव्हापासून सगळे कायदे तोंडपाठ असल्यासारखे बोलतात). त्यांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "ज्याला कमी मार्क, त्याची उचलबांगडी." झालं! म्हटलं लोक त्या ठशांवरून रडकी तोंडं रंगवणार, आणि आमचा फिनेलराव जाणार.

म्हणून मी घरोघरी फिरले. कुणाला वेळ नव्हता, कुणाला चष्मा सापडत नव्हता, ड्रायव्हरच्या बायकोने तर कागदावर कांदा चिरला होता. म्हटलं द्या इकडे, मी भरते. तुम्हाला सांगते वन्सं, चोवीस कागद मी एकटीने भरले. तीन रंगांची पेनं, निम्मे उजव्या हाताने, निम्मे डाव्या. सगळीकडे खदाखदा हसणारं तोंड. खाली "आपले मत" म्हणून जागा होती तिथे तर माझ्या अंगातच आलं. कुठे लिहिलं, फरशीत चेहरा दिसतो, आरसा विकून टाकला. कुठे लिहिलं, पाहुणे येतात ते जिन्यातच रमतात. चौदा नंबरची खोली दोन वर्षं कुलूपबंद आहे, तिचाही भरला. घाईत थांबायचं सुचलं नाही. त्या रिकाम्या खोलीने लिहिलं, इथे राहून आयुष्याचं सोनं झालं.

मग तीन आठवड्यांपूर्वी खाली फळ्यावर नोटीस. आम्ही सगळे गोळा झालो, कायदेमास्तरांनी घसा खाकरून वाचली. आपली इमारत पालिकेत पहिली. शंभरापैकी शंभर. टाळ्या! फिनेलराव लाजून बादलीमागे लपला. आणि मग दुसरा परिच्छेद. एवढा गुणी माणूस पहिल्या नंबरच्या इमारतीत ठेवून पालिकेला उपयोग काय, म्हणून येत्या एक तारखेपासून त्यांची बदली शेवटच्या नंबरच्या इमारतीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे तिकडचा येणार.

टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. कायदेमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "तरतूद आहे तशी." मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या तरतुदीला लागली आग."

मी हार मानणारी नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. (तुमच्या भावाशी लग्न ठरताना तुम्हीच म्हणाला होतात, मुलगी चिवट आहे. मी दाराआड ऐकलं होतं.) लगेच चोवीस तक्रारी लिहिल्या. या खेपेला सगळ्या डाव्या हाताने, रागात हात थरथरतो असं वाटावं म्हणून. पायऱ्यांवर ठसे असतात, फिनेलचा वास घशात बसतो, केअरटेकर म्हाताऱ्यांना विनाकारण मावशी म्हणतो. पालिकेने कळवलं, एवढा अचानक असंतोष कसा, म्हणून प्रत्यक्ष पाहणी होईल.

पाहणीच्या दिवशी मी सकाळी सातलाच बाहेर पडले, हातात कचऱ्याची पिशवी. चौथ्या मजल्यावर चहाचा चोथा, तिसऱ्यावर कांद्याची सालं, दुसऱ्यावर अंड्याची टरफलं, अशी पेरत पेरत खाली गेले. तळाला पोचून मागे बघते तर फिनेलराव! त्या दिवशी नेमका वरून खाली आला होता, माझ्यामागोमाग, एकेक साल उचलत. मला म्हणतो, "मावशी, पिशवी फाटलीय तुमची," आणि खिशातून नवी काढून दिली. मी परत वर जाऊन परत सांडलं. त्याने परत पुसलं, आता नेहमीसारखं खालून वर. आठ वाजेपर्यंत आमचा जिना इतका चकाचक झाला की पालिका झाल्यापासून तेवढा कधी झाला नसेल.

तपासणीला आलेली बाई तरुण, चष्मेवाली, हातात कागद अडकवलेली पाटी. मी तिला धरूनच जिन्यात नेलं. म्हटलं, "बघा, बघा हे ठसे!" तर ती म्हणते, "अय्या, म्हणजे आत्ताच पुसलंय की!" मग चौदा नंबरच्या दाराशी थांबली. म्हणे यांचा अभिप्राय फारच सुंदर होता, भेटता येईल का? कुलपाला गंज चढलेला. कायदेमास्तर जन्मात पहिल्यांदा कामाला आले, म्हणाले, "ते जरा एकांतप्रिय आहेत." ती बाई भोळी नव्हती. माझ्याकडे बघून हसली, आणि जाताना मला बाजूला घेऊन हळूच एक गोष्ट सांगून गेली. ती काय ते खाली लिहिते.

बाकी सगळं क्षेम. गुडघ्याला जपा. जिना उतरताना कठडा धरा. भेटीची ओढ आहे, पण दोन्हीकडे चार-चार मजले आहेत.

तुमची चिवट,
धाकटी

ता. क. — ती बाई म्हणाली, "आजी, बदली रद्द व्हायची एकच वाट. तिकडच्या लोकांनी, आम्ही आहोत तसेच खूश आहोत, असं लिहून द्यायला हवं. या बदलीपुरते म्हणून गुरुवारी तिकडे नवे कागद वाटतोय." आता शेवटच्या नंबराची ती इमारत कुठली, हे तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. तुमचीच. तेव्हा वन्सं, आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही (ती पितळी परात सोडून). गुरुवारी तुमच्या जिन्यात फिरा, सगळे कागद ताब्यात घ्या आणि खदाखदा हसणारी तोंडं भरा. वासाला सुगंध म्हणा. दोन पेनं पाठवतेय, एक निळं, एक काळं.

दुसरं ता. क. — (दुसऱ्या दिवशी सकाळी.) पाकीट बंद करणार तोच साडेआठचं ठोकणं झालं. मी पळी वाजवायच्या ऐवजी दारच उघडलं. पाकिटावरचा पत्ता वाचून फिनेलराव म्हणतो, "या पत्त्यावर मी रविवारी जाऊन आलो मावशी, जिना बघायला. चौथ्या मजल्यावर एक बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. तीन महिने खाली उतरल्या नाहीत म्हणाल्या. पायऱ्यांवर शेवाळं आहे." म्हणजे साडेतीन पानं जिन्यावर लिहिलीत आणि ही एक ओळ गाळलीत! आणि मी मेली तुम्हाला कठडा धरा म्हणून शहाणपण शिकवतेय. मग मी त्याला सहज विचारलं, तू खालून वर का रे पुसतोस? मान खाली घालून म्हणाला, "वरून सुरू केलं तर साडेसहाला तुमच्या दाराशी येतो. साहेब गेल्यावर तुम्ही उशिरा उठायला लागलात. ठोकलं की उत्तर यायचं नाही, आणि मग खालपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा." तीन वर्षं मी त्याला घसरगुंडीवरून चिडवत होते, वन्सं.

तेव्हा हसरी तोंडं भरू नका. आहे तसंच रडकं भरा, आणि माणूस घ्या. खालून वर पुसेल, रागावू नका. दोनदा ठोकेल, दोनदा उत्तर द्या, पळी भक्कम घ्या. त्याचं तिकडचं ठोकणं झालं की तुम्ही माझा फोन दोनदा वाजवून ठेवायचा. उचलणार नाही मी, तुम्ही "अगं पण" सुरू कराल.

तिसरं ता. क. — पेनं परत पाठवू नका. कायदेमास्तरांना विचारून घेतलंय, हे कागद दर सहा महिन्यांनी येतात. तोवर तुमचा जिना लख्ख होईल, तुम्ही खरीखुरी हसरी तोंडं भरा. आमच्याकडे तुमचा तिकडचा केअरटेकर येतोय, म्हणजे इकडची चोवीस रडकी मला खोटी लिहावीच लागणार नाहीत. चौदा नंबर तर हंबरडा फोडणार आहे. मग फिनेलराव आपोआप परत इकडे. सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने माझ्याकडे. लोक आईला वाटून घेतात, आपण केअरटेकर घेऊ.