उभ्यानं जिंकलेली शर्यत

चिंचवड,
शुक्रवार, ता. १८ जानेवारी १९५७

चि. सोपान यास,

आक्काचे आशीर्वाद. कौशल्याबरोबर पाठवलेला तिळगूळ पोचला. पाक कच्चा होता, पण तोंड गोड करायची तुझी इच्छा पक्की असावी असं धरून चालते. थंडी बरीच आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळची घंटा कानावर पडत नाही, एवढंच सुख. माझ्या गुडघ्याचं विचारलंस. त्याचं पुढे लिहिते.

आधी ज्योतीरामचं. तुझा मुलगा सायकलच्या शर्यतीत मुंबई राज्याचा अजिंक्यवीर झाला, ही बातमी तुझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेली नाही. गावात तू वेगळंच सांगत फिरतोस. पोरानं शर्यत विकली म्हणे! बाप असून जीभ कशी उचलली रे?

पुण्याच्या मैदानावर मी तुझ्या शेजारी बसले होते. दोन ट्रक भरून गाव आणलं होतंस. हलगी होती, उधळायला भंडारा होता. ज्योतीराम आणि तो पुण्याचा मुलगा निघाले, आणि वळणावर दोघंही सायकलीवरच थबकले. पाय जमिनीला न लावता, जागच्या जागी. तुझे दत्तोबा ओरडले, "पाटील, बैल बसला की वो घाटात!" सगळं गाव हसलं. तू ताडकन उठलास. "गाडीला बिरेक न्हाई म्हनं, आन ह्यो हुबाच! आरं, पळीव की!" मग माझ्याकडे वळलास, "आक्के, इकली ह्यानं शर्यत."

मी म्हटलं, "खाली बस. अजून संपलेली नाही."

"मला शर्यत शिकवू नगं. तुज्या मडमांच्या शाळंत बैल नव्हतं." एवढं बोलून माणसं गोळा केलीस आणि चालता झालास.

मडमांच्या शाळेत बैल नव्हते, खरं आहे. पण त्याआधी आपल्या अप्पांच्या मांडीवर बसून मीही बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट पाहिलाय. निशाण पडलं की जीव खाऊन पळायचं, ही झाली बैलगाड्याची रीत. ही शर्यत तशी नसते. यात पुढचा वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशाला दम राखतो आणि शेवटच्या वळणावर बाहेर पडून त्याला मागे टाकतो. म्हणून आधी पुढे जायला कुणीच राजी नसतं. थांबायला छाती लागते. तू निघून गेलास, तुझं गाव हुर्यो करत गेलं, तरी पोरगा हलला नाही. समोरच्याचा धीर सुटला, तो पुढे झाला. मग ज्योतीराम त्याच्या पाठीमागून असा सुटला, की मी उभी राहिले आणि माझी छत्री पुढच्या गृहस्थांच्या टोपीवर पडली. मी माफीसुद्धा मागितली नाही.

जिंकल्यावर तो आमच्या बाजूला बघत होता. तिथे तुमच्या शेंगांची फोलपटं होती. मी हात हलवला. एका म्हातारीच्या हाताने एवढ्या रिकाम्या जागा भरत नाहीत.

पिंपरीच्या कारखान्यात रात्रपाळी करून, सकाळी नव्या सडकेवर सराव करून त्यानं हे मिळवलं. बदल्यात तू सायकल वैरणीच्या खोलीत कोंडलीस, अखिल भारतीय शर्यती तोंडावर असताना.

आता गुडघ्याचं. गुडघा उत्तम आहे. त्याला काही झालंच नव्हतं. त्या मडमांच्या शाळेतल्या सिस्टर अगाथांनी मला खोटं बोलू नये असं शिकवलं, आणि मी जन्मभर मुलींना तेच शिकवलं. या वेळी मात्र बोलले आणि मला शांत झोप लागली. माझी शुश्रूषा करायला तू कौशल्याला बैलगाडी जुंपून दिलीस. त्या गाडीत, कडब्याखाली, सायकल होती.

कुलूप तोडलं असा बोभाटा करू नकोस. कुलूप शाबूत आहे. किल्ली तुझ्या बायकोच्या कमरेला असते, हे तू विसरलास. मी तिला भरीस घातलं असंही म्हणू नकोस. मी फक्त गुडघा दिला. अंगणात कडबा उपसताना ती म्हणाली, "वन्सं, बैल जितला तर ह्ये आठ दिस पेंड चारत्यात. पोरगं जितलं, तर भाकरीबी इचारली न्हाई."

ज्योतीराम आज सकाळच्या गाडीने मुंबईला गेला. कौशल्याही त्याच्याबरोबर गेली आहे. तेव्हा तिला न्यायला इकडे माणूस धाडू नकोस, आणि तिच्या माहेरी आळंदीलाही नको. हे पत्र माझे शेजारी मारुतराव हातोहात देतील. मैदानाचा पत्ता त्यांच्याकडे आहे. शर्यत परवा, रविवारी दुपारी आहे. मी उद्या निघते.

तू यावंस की नाही, हे मी सांगणार नाही. कौशल्याने गाडीत चढताना निरोप ठेवलाय, तो शब्दशः लिहिते: "त्यास्नी म्हनावं, पोरगं पुन्हा हुबं ऱ्हाईल. शेवटपातुर बसायचं आसंल, तरच या."

तुझी थोरली बहीण, आणि यापुढे तुझ्या बायकोच्या बाजूची,
सुभद्रा