माई शुवाईच्या नावाची पुडी

रुसापे,
रविवार, प्रार्थनेहून आल्यावर

आदरणीय वन्संना,

माई गरिकाईचा गुडघे टेकून नमस्कार. रीतीप्रमाणे टाळ्याही वाजवल्या आहेत. कागदातून ऐकू येणार नाहीत, तरी पोचल्या असं समजा. तुमचा डावा गुडघा कसा आहे? जावईबापूंचा खोकला उतरला का, की तंबाखूशी अजून गट्टीच आहे? धाकट्या सूनबाईचं बाळ पालथं पडू लागलं का? आणि ती शिंग मोडलेली गाय? तुम्ही सगळी बरी असाल तर आम्हीही बरी आहोत. (तुमचे भाऊ खरोखर बरे आहेत. मी मात्र तुम्ही बऱ्या असूनही बरी नाही, आणि तेच सांगायला बसले आहे.)

तुमचा भाचा गरिकाई, ज्याची आई म्हणून मला सगळे माई गरिकाई म्हणतात, तो इंग्लंडला गेल्यापासून दर वर्षी मी त्याला मुफुश्वा धाडते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. परसातला चवळीचा पाला कोवळा असतानाच खुडायचा, मिठाच्या पाण्यात उकळी द्यायची, गोणपाटावर वाळवायचा आणि पुडी बांधायची. तिकडे तो त्यात शेंगदाण्याचं लोणी घालतो, मक्याच्या पिठाच्या घट्ट साद्झ्याबरोबर खातो आणि फोनवर सांगतो की घरी आल्यासारखं वाटलं. तेवढ्या एका वाक्यावर माझं वर्ष निघतं. गेल्या वर्षी शेजारच्या माई शुवाईने माझ्या पार्सलात आपलीही एक पुडी घुसडली. (मी नको म्हटलं नाही. दात काढून हो म्हटलं. त्या दातांचा मला अजून राग आहे.) झालं! यंदा पोराचा फोन, की माई शुवाईची पुडी विसरू नकोस. माझ्या पुडीबद्दल अवाक्षर नाही.

मग काय, ती पाल्यात असं घालते तरी काय, हे बघायला मी परसातल्या पत्र्याच्या पिंपावर चढले. भिंतीपलीकडे बाई निवांत पाला उकळत होती, आणि वर गात होती. (पाला उकळताना गायचं काही कारण आहे का, वन्सं?) मी आणखी थोडी वाकले, पिंप कलंडलं आणि मी माझ्याच कोबीच्या वाफ्यात. धावत आली तीच. मला उठवलं, पाठीवरची माती झटकली, आणि न विचारताच आपली कृती सांगितली. मीठ किती, उकळी केवढी, सावली कुठली, सगळं. ऐकून माझं डोकंच फिरलं, कारण मी अगदी तसंच करते. म्हणजे खरी गोष्ट तिने लपवलीच ना!

तेव्हा माझ्या हातून एक झालं. पार्सल बांधताना मी दोन्ही पुड्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या बदलल्या. तिच्या पुडीला माझं नाव, माझ्या पुडीला तिचं. म्हटलं, एकदा तरी तिच्या भाजीचं कौतुक माझ्या पदरात पडू दे. पंधरा दिवसांनी फोन आला. गरिकाई म्हणाला, "आई, रागावू नकोस, पण यंदाही माई शुवाईचीच भाजी सरस. तुझी जरा गवतासारखी लागली. तिच्याकडून शिकून घे ना."

म्हणजे वन्सं, जिंकले मीच, आणि ते सांगायला माझ्याकडे तोंड नाही. वर त्या पोराने तिलाही फोन केला. आता दर गुरुवारी ती मला शिकवायला येते. माझ्याच चुलीपाशी माझ्याच स्टुलावर बसते आणि म्हणते, "अगं, पाला अंमळ कोवळाच खुडावा, माई गरिकाई." मी मान खाली घालून हो म्हणते. तुमचे भाऊ पलीकडे वर्तमानपत्रामागे हसतात. कागद हलतो, मला दिसतं.

बाकी सर्व क्षेम. भोपळे बरे आलेत.

तुमची धाकटी भावजय,
माई गरिकाई

ता. क. : खरं काम आता लिहिते. गरिकाईला फोन करून सांगा, की ईस्टरला तुम्ही इथे आला होतात आणि पार्सल बांधताना त्या चिठ्ठ्या तुमच्या हातून बदलल्या. तुम्ही त्याच्या आत्या. आत्याला "का" असं विचारायची आपल्याकडे कुणाची छाती नाही.

दुसरा ता. क. : पाकीट डकवणार तोच माई शुवाई आली. डोळे लाल. तिचा उरलेला सगळा पाला माव्याने खाल्ला, आणि गरिकाईने आणखी एक पुडी मागितली आहे. हळूच म्हणाली, "तुझ्यातलीच एक दे, वर माझं नाव घालू. पोराचा विरस नको." मी दिली. नावही माझ्याच हाताने घातलं, आणि अक्षर जरा बरं काढलं. काय करणार, त्या नावाने पोरगं पोटभर जेवतं. तेव्हा वन्सं, फोन कराच, पण ही पुडी संपल्यावर. आणि केव्हा करणार ते मला लगेच कळवा. बुधवारच्या बसच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी दिलीत तरी पोचेल. तोवर माझा गुरुवार आलाच.