न उघडलेली निळी कॅसेट

७ मार्च २०१९

पारखीत चूक झाली. एकोणीस वर्षांत पहिली!

पेइलिन आली होती, छंगतूची. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जमवते, तोंडानं फटकळ. शेजारच्या दुकानातल्या फानकडची विमानांच्या खेळाची कॅसेट तिच्या मनात भरली. नेहमीसारखी माझ्यापुढे धरली – "जुआंग शेठ, वाजवा."

कानाशी नेली, नखानं तीन टिचक्या. आवाज भरीव, कोरडा, लगेच विझणारा. म्हटलं, "असली. जपानची, परवान्याची. डोळे मिटून घे."

तिनं पैसे दिले आणि तिथंच स्टुलावर बसून कॅसेट उघडली; पुन्हा विकायची नसते तिला. आत हिरव्या पट्टीवर काळा डांबरी थेंब. असला थेंब नकली मालातच असतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

"शेठ, डोळे मिटूनच घेतली हं," ती म्हणाली.

फाननं पैसे परत केले. तोही फसलेलाच. पण चूक कबूल करायचा तो चुकीचा चहा मला ओतावा लागला – भर बाजारात, दोन्ही हातांनी, मान खाली घालून. पेइलिननं एक घोट घेतला. मिटलं. फान म्हणतो, "शेठ, एरवी आम्हाला इतका चांगला चहा पाजत नाही तुम्ही."

वर्षात दुसऱ्यांदा ओतावा लागला तर पारख सोडायची, असा इथला रिवाज. माझ्याआधीचा पारखी आता माशांच्या काचपेट्यांचे दिवे विकतो.

८ मार्च

भिंतींना घाम फुटलाय. क्वांगचौचा मार्च, फरशीसुद्धा पुसावी तितकी ओली. दमट हवेत प्लास्टिकचा आवाज बसतो, असं सांगून सुटता आलं असतं. कुणाला सांगू? या वहीला?

ती कॅसेट फानकडून मागून आणली. दिवसभर गिऱ्हाइकं सोडून तीच पाहत बसलो.

खरी जपानी कॅसेट स्क्रूनं बंद केलेली नसते, दोन्ही अर्धी आतल्या दातांनी एकमेकांत चावून बसतात. उघडली की शिवणीवर ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे किंमत निम्मी. म्हणून तर माझ्या कानाला मोल. या कॅसेटीची शिवण पेइलिननं उघडेपर्यंत कोरी होती, मी स्वतः पाहिलेली. म्हणजे खऱ्या कवचात नकली पोट भरलं असं झालेलं नाही. कवचच कुणीतरी बनवलंय.

आणि काय बनवलंय! पाठीवरची अक्षरं बोटाला तशीच धारदार. वजन तेच. माझ्या जुन्या निळ्या कॅसेटीशेजारी धरून वाजवली – फरक नाही. पुन्हा वाजवली. नाही.

आतल्या कोपऱ्यात तेवढी एक खूण आहे. नखाएवढी चंद्रकोर, प्लास्टिकमध्येच उमटलेली. परवान्याच्या कॅसेटीत ती नसते, उघडलेल्या शंभर तरी पाहिल्यात मी.

राग यायला हवा होता. आला नाही. देवळातली मूर्ती पाहावी तसा पाहत राहिलो.

९ मार्च

निळीविषयी लिहून ठेवतो.

सतरा वर्षांचा होतो. गावाहून आलो तेव्हा अंगावरचा सदरा आणि पायात भावाचे बूट. दोन वर्षं बंदरावर खोकी उचलली. १९९१ साली साठवलेले सगळे पैसे देऊन हाँगकाँगच्या बोटीवरच्या एका माणसाकडून ही निळी कॅसेट घेतली. जपानी, असली, आईची शपथ घेऊन विकली त्यानं. यंत्र घ्यायला पैसे उरले नव्हते. खेळणार कशावर? नुसती वाजवत बसायचो. असलीचा आवाज असा कानात बसला.

लोक गुरूला चहा ओतून धंदा शिकतात. मी कुणाला ओतला नाही. जे शिकलो ते निळीकडून आणि स्वतःच्या कानांनी. हे मी चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगतो, असं बायको म्हणते.

ती कधी उघडली नाही. कशाला उघडू?

१५ मार्च

सापळा लावला, आणि सापडलं भलतंच माणूस.

डोकं असं चालवलं – हा कारागीर जवळपास असेल, तर माझं बोलणं त्याच्या कानावर जाणार. म्हणून एका गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगितलं, "असलीच्या पाठीवर तिसऱ्या रेघेच्या टोकाला बारीक आडवी खाच असते. नकली करणाऱ्याला ती अजून दिसलेली नाही." साफ थाप. पुढच्या मालात खाच आली की धरला.

समोरून लियाओ मावशी म्हणाली, "काहीतरीच काय शेठ. तशी आडवी खाच असली तर कॅसेट साच्यातून निघायचीच नाही. अडकून बसेल."

लियाओ मावशी समोरच्या गाड्यावर आल्याच्या पाकातलं मऊ टोफू विकते. बारा वर्षं रोज दुपारी तिच्या हातचा वाडगा खातोय.

ती टोफू वाढता वाढता थांबली. मीही थांबलो. गिऱ्हाईक गेलं.

कॅसेट काढून तिच्या पुढ्यात उघडी ठेवली. तिनं हात पुसले, चष्मा लावला, चंद्रकोरीवर अंगठा फिरवला. नातवंडाच्या गालावर फिरवावा तसा.

"माझी आहे," म्हणाली. "नव्वद साल. खेळण्यांच्या कारखान्यात साचे घासायची मी. साचा बिघडला तर कुणाचा ते कळावं म्हणून जो तो आपली खूण करायचा."

"आणि आवाज?"

"मालक म्हणाला, दिसायला सारखी कर. मी म्हटलं, वाजायलाही करते. हसला मेला. मग साच्याची भिंत केसभर घासायची, एक कॅसेट ओतून घ्यायची, टिचकी मारायची. पुन्हा केसभर. अकरा दिवस लागले."

"पण वाजवून कोण बघणार होतं तेव्हा?"

"कुणी नाही. पण मला ऐकू येत होतं ना."

 टोफू गार झालं.

तो साचा चार महिन्यांनी मोडला. पण माल खूप निघाला होता – काही तेव्हाच भरून विकला, काही कवचं रिकामी पडून होती. आता कुणाला तरी त्यांचं पोतं सापडलंय, तो पोटं भरून विकतोय. मावशीला यातला पैसाही नाही. म्हणाली, "माझं नाव काढू नका शेठ. आजी टोफू विकते, असं नात शाळेत सांगते. तेच बरंय."

विचारलं, "न उघडता ओळखायची कशी?"

"मलाही नाही येत," ती म्हणाली. आणि लाजली!

१८ मार्च

तिच्या किती कॅसेटी मी आजवर असली म्हणून पाठवल्या असतील? दहा? दोनशे? हिशेबच लागत नाही. भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर छाती भरून येते, जशी काही मीच केल्या.

२४ मार्च, रविवार

पेइलिन आली. फानकडे पुन्हा एक विमानांची कॅसेट, शिवण कोरी. बाजार गोळा झाला. मला दुसऱ्यांदा चहा ओतताना बघायचं होतं सगळ्यांना.

वाजवली. निळी काढली, तीही वाजवली. जुळे भाऊ. "असली" शब्द जिभेवर आला होता. नकली निघाली तर उद्यापासून मी माशांचे दिवे विकायचे.

पण दिव्यांच्या भीतीनं तो शब्द गिळला असं नाही. मला खरंच कळत नव्हतं. तेच सांगितलं. "ठोकून नाही कळत. उघडून बघ."

 मग फान म्हणाला, "कानात मळ झाला असेल. उघडून तर म्हैससुद्धा सांगेल."

पेइलिननं तरी घेतली. उघडली. थेंब नाही, चंद्रकोर नाही. असली!

हशा पिकला. पारखी म्हणे, आणि असली समोर असून ओळखता येईना. पेइलिन एवढंच म्हणाली, "निदान खोटं तरी बोलला नाहीत."

दुपारी मावशीनं वाडगा आणून ठेवला, आलं जरा जास्त घातलेलं. हळूच म्हणाली, "हसू दे त्यांना. मला तर ती माझीच वाटली होती."

२६ मार्च

सकाळी दुकान उघडण्याआधी पातळ पाती घेऊन बसलो. निळीच्या शिवणीत घातली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

कोपऱ्यात चंद्रकोर.

चहा केला, घरचा चांगला. समोर जाऊन मावशीपुढे पेला धरला – दोन्ही हातांनी, मान खाली घालून. फान ओरडला, "आता हिची काय चूक केलीत, शेठ?"

"चुकीचा नाही हा," म्हटलं. "गुरूला ओततात तो."