सासऱ्यांच्या इंजिनात सुधारणा

३ जानेवारी, रविवार
सासऱ्यांची जुनी ट्रायल्स मोटरसायकल अखेर घरी आणली. ते गेल्यापासून मेहुण्याच्या शेडमध्ये सडत होती. मेहुणा अंगाने पिंप, डोक्यानेही पिंपच. मार्चमध्ये टेकडीमागे जुन्या गाड्यांची स्पर्धा आहे. दगडधोंड्यांतून गाडी हळूहळू न्यायची, पाय टेकला की दंडाचा गुण. यात कौशल्य ते काय? इंजिन दणकट हवं, बस्स. बायको म्हणाली, नुसती साफ करा, बाबांनी सगळं विचार करून बसवलंय. मला जावई करताना विचार केला होता, एवढं मान्य.

१० जानेवारी, सकाळी
इंजिन उघडलं. आतलं फ्लायव्हीलचं जाड चाक पाहून हसूच आलं. जात्याची तळी परवडली! त्यावर सासऱ्यांनी हौसेने आणखी एक लोखंडी कडं चढवलंय. अडाणीपणा. वजन कमी केलं की इंजिन चटकन पळतं, हे शेंबडं पोरही सांगेल. बायकोचं म्हणणं, गाडी हळू चालवताना बंद पडू नये म्हणूनच ते वजन आहे. मी विचारलं, भाजी चिरून झाली का? ती म्हणाली, आज तुमची पाळी आहे.

२४ जानेवारी
लेथवाल्याकडून कडं काढून घेतलं, फ्लायव्हीलही निम्मं उतरवलं. नक्की ना, असं त्याने दोनदा विचारलं. असल्या लोकांना दूरदृष्टी नसते. हेड घासून कॉम्प्रेशनही, म्हणजे आतला दाब, वाढवलं. बायकोला सांगितलं नाही. सरप्राइज.

१४ फेब्रुवारी
पहिली किक. दांडा उलटा आला आणि नडगीवर बसला. ताकद वाढल्याचा याहून चांगला पुरावा नाही. डॉक्टर म्हणाला, आराम करा. त्याला इंजिनातलं काय कळतं?

२८ फेब्रुवारी
सुरू झाली! काय आवाज! शेजारच्या मास्तरांनी खटाखट खिडक्या लावून घेतल्या. मत्सर. रस्त्यावर तर बाणासारखी सुटली. हळू चालवून पाहिली नाही. हळू काय, कोणीही चालवतं.

१४ मार्च, संध्याकाळी
स्पर्धा झाली. आयोजन भिकार. पहिल्याच दगडाशी इंजिन बंद. पाय टेकला. किक मारली, पुन्हा बंद. पुन्हा पाय. बघे हसत होते. बघ्यांना हसण्याशिवाय दुसरं काही येत नाही. मग मी जरा जोरात ॲक्सिलरेटर पिळला. गाडी चढ चढून गेली. मी गेलो नाही. ती पलीकडच्या ओढ्यात. बायको आणि पिंप धावत आले, माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे गेले आणि पाण्यात उतरले. ‘फार लागलं का गं?’ असं बायको विचारत होती. गाडीला.

१६ मार्च
पिंपाने इंजिन उघडलं. बायकोने ते बारीक झालेलं फ्लायव्हील मांडीवर घेतलं आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘ते कडं बाबांनी आणि मी मिळून बसवलं होतं. मी अकरावीत होते.’ मी म्हटलं, हे आधी सांगायला नको का? ती म्हणाली, ‘तुम्हाला?’ एवढंच. उत्तर सुचत होतं, पण जेवण व्हायचं होतं.

२१ मार्च, रविवार
दोघं भावंडं सकाळपासून शेडमध्ये. नवं कडं बसवताहेत. बायको न बघता हात पुढे करते आणि बरोबर पाना उचलते. योगायोग. मी एक सूचना केली. दोघांनी एकदम वर पाहिलं. त्यानंतर माझ्याकडे बॅटरी धरण्याची जबाबदारी आली. महत्त्वाची आहे. उजेड नेमका पडला की निम्मं काम झालंच.

दुपारी
हात हलतो, अशी तक्रार. पिंप म्हणाला, ‘दाजी, जरा इकडे.’ इकडे धरली तर म्हणे, तिकडे. शेवटी बायकोने बॅटरी घेतली आणि स्टुलावर ठेवली. स्टूल बरं धरतं म्हणे.