आजीचा हीर आणि दूरची दीर्घिका

पुणे,
दि. ५ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
हिमानीचा शि. सा. न.

मोबाइलवरच्या संदेशाला तुम्ही पत्र मानत नाही, म्हणून मुद्दाम शाई विकत आणली! एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा मंद रेडिओ-संकेत मी शोधते आहे. निरीक्षणांत दुर्बिणीचे स्वतःचे चढउतार मिसळलेले असतात. संगणकाने त्यांवर वक्र बसवून तो वजा करायचा. उरेल तो संकेत. माझा वक्र मात्र प्रत्येक बिंदूला चिकटतो आणि मागे काहीच उरत नाही. महिनाअखेर काही हाती न लागल्यास ही दीर्घिका सोडून द्यावी, असे मार्गदर्शक बाईंनी सांगितले आहे. दोन वर्षे तिच्यामागे आहे, आजोबा. आजी असती तर तिने काय केले असते?

तुमच्या रागाची आणि मायेची वाटेकरी,
हिमानी

छत्रपती संभाजीनगर,
दि. ११ जानेवारी २०२५

चि. हिमानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर सुवाच्य आहे. उद्गारचिन्ह अनावश्यक होते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी निरीक्षणे वाचून दाखवीत असे आणि तुझी आजी आलेख काढीत असे. त्यासाठी ती गुलमंडीच्या बाजारात नवा खराटा घेताना तेथेच त्यातला एकच लवचीक हीर, म्हणजे काडी, निवडी. बाई, झाडायला नेता का सोयरीक बघता, असे दुकानदार फकिरा तिला विचारी. आलेखावर मोजक्या टाचण्या टोचून ती त्यांच्यामधून हीर वाकवी व त्याच्या कडेने रेघ ओढी. एखादा बिंदू बाहेर राहिला की मी कुरकुरत असे. हीर मोडेल इतका हट्ट करू नका, असे ती बजावी आणि त्या बिंदूभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढी. तेही वरून उघडेच राही. मग ते मी पुरे करीत असे.

तुझा संगणक माझ्यासारखा हट्टी दिसतो. त्याला इतकी वळणे घेऊ देऊ नकोस. संकेत जेथे अपेक्षित आहे, तेथील बिंदू वगळून वक्र बसव.

प्रकृतीस जपावे, हे आज्ञा म्हणून लिहितो.
व्यंकटराव

पुणे,
दि. २४ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न.

वळणे कमी केली, मधले बिंदू वगळले. वक्र शांतपणे गेला आणि त्याच्यावर एक लहानसा उंचवटा उरला. बाईंनी दुसऱ्या दिवसाची निरीक्षणे तपासली. तेथेही तो तसाच आहे. दीर्घिका सुटली नाही! हे उद्गारचिन्ह मी खोडणार नाही. आलेख सोबत पाठवते. उंचवट्याभोवती वर्तुळ काढले आहे.

तुमची, आणि आजीचीही,
हिमानी

छत्रपती संभाजीनगर,
दि. ३० जानेवारी २०२५

चि. हिमानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्गारचिन्ह मान्य.

भानुमतीच्या, तुझ्या आजीच्या, डब्यातला हीर काढून तुझ्या वक्रावर ठेवला. वाळून करकरला, पण मोडला नाही. उंचवट्यापाशी आलो आणि सवयीने कुरकुरलो. घरातून कोणी बजावले नाही. मग तुझे वर्तुळ नीट पाहिले. तेही वरून उघडेच राहिले आहे. पेन्सिल हातात घेतली होती. पुन्हा ठेवून दिली.

तुझा,
आजोबा