हानुसने टोपी काढली

स्विनॉय, १२ नोव्हेंबर १९५८

प्रिय सुन्नेवा,

तुझे गुडघे कसे आहेत? इथे सगळं वाऱ्याच्या मर्जीवर. टपालाची होडी किनाऱ्याला न लागताच परत जाते, म्हणून उशीर. मेंढ्या कापून झाल्या, मटण वाळत टांगलंय. माझ्या दान्यलची पुस्तकं वाचते. अडलं तर विचारायला आता तो नाही.

तुझा नीक्लास येऊन गेला. तुला सांगून आला नसावा.

कॉफी प्यायला आणि म्हणाला, "तोरुनमावशी, बाबांचं गाणं म्हण."

"बापाचं कसलं? बापाची टर उडवलेलं ते!"

"तेच. आई काही सांगत नाही."

मग मीच सांगितलं. धुक्यात खडकावर सील प्राण्याचं काळं डोकं दिसलं, हानुसला वाटलं पाद्रीबाबाच आले. होडीत उभं राहून त्याने टोपी काढली. दान्यलने त्यावर कवनं रचली. नाताळच्या नाचात, रीतच आहे तशी, दोघांनी हानुसला दंडाला धरून, हातात हात गुंफलेल्या नाचाच्या कड्यात नाचवलं आणि सगळं गाव पाय आपटत गायलं. त्याच आठवड्यात, "डोळे शाबूत आहेत माझे," म्हणत तो धुक्यात एकटाच वल्हवत गेला, तो परतलाच नाही. त्यानंतर दान्यलने एक ओळ रचली नाही, की कड्यात पाऊल टाकलं नाही. लोक म्हणाले, कवीला शिंगं फुटली.

नीक्लास म्हणाला, "फोटो नाही, थडगं नाही. मी पाळण्यात होतो. बाबा चालायचे कसे, एवढं तरी त्यात असेल ना?"

आहे गं. फेंगडे पाय आहेत, बोलण्याआधी नाक ओढणं आहे. दान्यलने काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

मी म्हटलं ते. टोपीपाशी पोरगा खो खो हसला. "अस्से होते?"

"अस्सेच."

मग त्याने टेबलावर डोकं टेकलं. उठला तो म्हणाला, "पुन्हा म्हण."

होडी येईपर्यंत त्याला सगळं पाठ झालं होतं. या नाताळात तुमच्या क्लाक्सविकच्या नाचात तो स्वतः ते गाणं म्हणायला घेणार आहे, तुझ्यासमोर. मी नको म्हटलं नाही.

भर कड्यात तुझ्या कानावर पहिल्यांदा पडू नये, म्हणून लिहिलं. थांबवायचं असेल तर तूच थांबव, तो तुझा मुलगा आहे. मला उत्तर लिहू नकोस.

जिच्या तोंडून ते पुन्हा बाहेर पडलं, ती,
तोरुन