धोतरावरचा डोंगर

गुरुजी, तुमी जाऊन इतकी वर्सं झाली की आता तुमच्यापरीस मीच म्हातारी हाय. म्हणून जरा बरोबरीनं बोलते, रागावू नका. परवा भाचीकडं गेले होते. तिच्या नवऱ्यानं एक अख्खी खोली खेळण्यातल्या रेल्वेला दिलीय. रूळ, बोगदा, ठेसन, आन मागं भिंतीला डोंगर-आभाळाचं छापील चित्र. गडी एवढा मोठा साहेब, पण इंजिन पळवताना तोंडानं शिट्टी घालतोय! मला म्हणला, "मावशी, कसं वाटतंय?" म्या म्हणलं, "जावईबापू, झकास हाय. पण तुमच्या दुनियेला कोपरा दिसतोय." दोन भिंती जुळतात तिथं त्याचं आभाळ मोडलं होतं. त्यानं इंजिन थांबवलं. "तुमाला हे कुणी शिकवलं?"

कुणी म्हणजे? तुमी. तेबी जुन्या धोतरावर. धाराशिवला शाळांचं प्रदर्शन भरणार होतं आन तुमच्या डोक्यात आपली तेरकडं जाणारी छोटी गाडी शिरली होती. तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं इंजिन, काड्याच्या पेट्यांचे डबे, दोऱ्यानं ओढायचं. मागं पडदा पायजे होता. मी तवा सतरा वर्सांची, नवरा जाऊन दीड वर्स झालेलं, माहेरी मागच्या सोप्यात बसलेली. पंचमीला घरच्या भिंती मीच रंगवायची, पण त्या वर्सी आईनं हातातनं रंगाचा काकडा काढून घेतला. "तुझ्या हातचं नगं, बाई." आन तुमी दारात उभं. "आबा, पोरगी आठ दिवस द्या. पडदा रंगवायचाय." आमचे आबा खवळले. "गुरुजी, कपाळ पुसलेली पोर रंगात हात घालणार व्हय? लोक काय म्हणतील?" तुमी शांतपणे म्हणलात, "रंग कपाळाला कुठं लावायचाय आबा? माझ्या धोतराला लावायचाय." आबांना हसू आवरंना. आठ दिवस दिले. पुढं मात्र उंबरा वलांडायचा न्हाय, असंबी सांगितलं.

शाळेत येऊन बघते तर तुमी आधीच कोळशानं डोंगर काढून ठिवलेले. टोकदार, तिकोनी, मधी सूर्य. मला हसू फुटलं. "गुरुजी, हा डोंगर कुणाच्या गावचा? आपला तर भाकरी थापल्यागत सपाट." तुमी डोळं वटारलं. "पुस्तकात असाच हाय." दुसऱ्या दिवशी मात्र गुमान फडकं घेऊन तुमीच ते पुसताय. सूर्य तेवढा ठिवलात, हट्टानं. मग गेरू, चुना, काजळ, डिंक, आन कपड्याची नीळ. कोपऱ्यात तुमी ओल्या कामट्या वाकवून लावल्या, धोतर त्यावरनं गोल फिरवलं. म्हणलात, "दुनियेला कोपरा नसतो, पोरी." म्या लांबची बैलगाडी इंजिनाएवढी काढली, तवा रागावलात. "लांबचं बारीक दिसतं आन निळं दिसतं. जवळचंच तेवढं मोठं." मी जिभेची धारदार. म्हणलं, "माझं सासर तर लई लांब हाय गुरुजी, ते कुठं बारीक दिसतंय?"  मग निळीची वाटी माझ्याकडं सरकवलीत. "अजून घाल. बारीक दिसंस्तवर घालत जा."

सातव्या दिवशी डोंगर पुरा झाला, म्हणजे आता परत मागचा सोपा. तुमी दुपारी जेवायला गेलात, म्या ओलं फडकं घेतलं आन डोंगर साफ पुसला. तुमी आल्यावर सांगितलं, शिपायाच्या बकरीनं चाटला, डिंक गोड लागतो तिला. तुमी बकरीकडं बघितलंत, मग माझ्या निळ्या बोटांकडं. "बकरी हुशार दिसती. डोंगर खाल्ला, सूर्य ठिवला." आन तसंच उठून आबांकडं गेलात, अजून चार दिवस मागायला.

प्रदर्शनाला आबा स्वतः बैलगाडी घेऊन आले, म्हणजे तिथनं मला सरळ घरी न्यायचं. शाळा तपासणारे साहेब आले, वाकून बघायला लागले. "पडदा कुणी केला?" तुमी मला पुढं ढकललंत. "आमच्या शाळेतल्या पोरीनं." "कितवीत हाय?" मी पांढरं लुगडं नेसलेली, सतरा वर्सांची घोडी, चौथीतनं काढलेली. तुमी पापणी न हलवता म्हणलात, "पाचवीत." लोक फिदीफिदी हसाय लागले. साहेबबी मला वरनं खाली बघताय. "ही? पाचवीत?" "व्हय साहेब. जरा उशिरा आली. आमच्याकडची गाडी उशिराच येती." साहेब हसले, पाठ थोपटून गेले. आबा मागंच उभं होते, सगळं ऐकलेलं. तुमी सामान बांधायला राहिलात. आबा अर्धी वाट नुसते बैलांना बोलत होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मास्तर सायबापुढं खोटं बोलला."

"व्हय."

"तुझ्यापायी."

आबांनी कासरा वढला.

"सोमवारपासनं पाचवीत जाऊन बस. गुरूला खोटं पाडायचं न्हाय."

सोमवारी बसले, लहानग्या पोरींच्या मागं, गुडघे पोटाशी घेऊन. पुढं सातवी झाले, बालवाडीवर लागले, माझ्या भाकरीचं मी मिळवलं. हे सगळं तुमाला ठाऊक हाय. ठाऊक नसलेलं एकच. त्या सोमवारी हजेरीत तुमी माझं नाव घेतलंत आन मी गप राहिले. पुन्हा घेतलंत, तरी गप. तिसऱ्यांदा घेतल्यावर "हजर" म्हणले. तुमाला वाटलं, पोर लाजली. लाजतीय कसली! घरात दीड वर्स मला कुणी नावानं हाक मारली न्हवती. पत्र टाकायला पत्ता न्हाय, म्हणून कागदाला सांगते. पहिल्या खेपेलाच ऐकू आलं होतं, गुरुजी.